सायकलच्या हँडलचा मार आणि डावा खांदा : एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचं गाव, जंगलाच्या कडेचं. पावसाळ्यात नुसता पाऊस आणि बाकीच्या दिवसांत भात, काजू, कुठंकुठं ऊस. मोबाईलला रेंज घराच्या एका कोपऱ्यात येते आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाते. बेळगाव इथनं गाडीनं तास-सव्वातास, वाटेत रस्ता कसा आहे त्यावर. गावाचं नाव, हॉस्पिटलांची नावं, साल, सगळं मुद्दाम गाळलंय आणि कुटुंबाला विचारूनच हे लिहितोय. माझं नाक्यावर मेडिकल दुकान आहे, त्यामुळं यातला मधला भाग मी डोळ्यानं बघितलाय, आणि आधीचा-नंतरचा भाग आई, बाबा, आज्जी आणि थोरल्या बहिणीबरोबर बसून विचारून घेतलाय, तोही एकदा नाही, कारण प्रत्येकाला वेळा वेगवेगळ्या आठवत होत्या.

घरात ही चार माणसं आणि पाचवा म्हणजे तो पोरगा, वय १० वर्षं, वजन २८ किलो, पाचवीत, आधीचा कसलाच आजार नाही. बाबा बेळगावच्या उद्यमबागला कारखान्यात कामाला, रोज बसनं जाऊन-येऊन. आई आणि आज्जी घरची भातशेती बघतात. थोरली बहीण नववीत, आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तीच बोललीय, ते पुढं येईलच.

दिवस दिवाळीच्या सुट्टीतले. आमच्याकडं दिवाळीला किल्ले करतात, बेळगावात गल्लोगल्ली आणि खेड्यातही, आणि किल्ल्याला तांबडी माती लागते. गावामागच्या चढावर ती चांगली मिळते म्हणून पोरं तिकडं जातात. त्याच दिवसांत भाताची कापणी असते, म्हणजे मोठी माणसं सगळी शेतात आणि पोरं मोकळी. त्या दिवशी असंच होतं.

नेमकं काय घडलं

दुपारी चारच्या सुमारास हा पोरगा आणि दोन मित्र माती घेऊन उतारावरनं खाली येत होते. सायकल त्याची नव्हती, चुलत भावाची, जुनी. त्या सायकलच्या डाव्या हँडलची रबरी मूठ कधीचीच गेलेली, नुसत्या लोखंडी पाईपचं गोल तोंड उघडं. मातीची पिशवी त्यानं कॅरियरला न बांधता हँडललाच अडकवलेली, आणि उतारावर खड्डा आल्यावर पिशवी हेलकावली, पुढचं चाक गर्रकन आडवं झालं. वेग काही फार नव्हता, मित्रांच्या मते "हळूच पडला". चाक आडवं झाल्यावर हँडलचं एक टोक अंगाकडं वळतं आणि अंग पुढं फेकलं जातं, त्यात ते उघडं टोक त्याच्या पोटात डावीकडं, बरगड्यांच्या खाली बसलं, आणि मग तो उजव्या अंगावर खाली पडला.

उजवा गुडघा आणि उजवं कोपर खरचटलं. बोअरिंगवर पोरांनी ते धुतलं. दोन मिनिटं त्याला श्वास घेता येईना, मग येऊ लागला. पोटावर एक गोल लालसर वण, साधारण दहा रुपयाच्या नाण्याएवढा. रक्त नाही, सूज नाही. पोरांनी ठरवलं की घरात सांगायचं नाही, कारण सायकल न विचारता घेतलेली. हे पोरांचं ठरवणं ऐकून मोठी माणसं चिडतात, पण दहा वर्षांच्या पोराच्या जागी बसून बघा, त्याला मार लागल्याची भीती कमी आणि चुलत्याच्या घरनं बोलणी बसायची भीती जास्त.

संध्याकाळी आई शेतातनं आली तेव्हा पोरगा पडवीत पडून. गुडघा दिसला म्हणून पडल्याचं कळलं, पोटाचं कळलं नाही. चहा आणि चकली दिली तर चहा अर्धा प्यायला, चकली तशीच ठेवली. आज्जीला तिथं पहिल्यांदा खटकलं. ती मला नंतर म्हणाली, "दिवाळीची चकली समोर ठेवून पोरगं हात लावत न्हाई म्हणजे काय तरी हाय की." सहाच्या पुढं तो डावा खांदा दुखतोय म्हणू लागला. हात वर-खाली होत होता, खांद्यावर दाबलं तरी दुखत नव्हतं, पण आडवा झाला की जास्त दुखायचं आणि उठून बसला की थोडं कमी.

अडचण काय होती

घरच्यांच्या समोरचं चित्र असं होतं की पोरगा सायकलवरनं पडलाय, खांदा दुखतोय, म्हणजे खांदा मुरगळलाय. हे चित्र इतकं सरळ होतं की त्यावर कुणी शंका घेतली नाही. कापणीच्या दिवसातला थकवा, उद्याचं काम, बाबा नुकतेच बसमधनं उतरलेले. आज्जीनं खोबरेल गरम करायला ठेवलं. बाबा म्हणाले शेजारच्या गावात हाड बसवणारा आहे त्याच्याकडं सकाळी नेऊ, तोवर एक गोळी आणतो, म्हणून सातच्या आसपास ते माझ्या दुकानात आले, बहीण गाडीवर मागं बसून आलेली.

"वो, पोरगं सायकलवरनं पडलंय, खांदा लई दुखूलाय म्हणतंय, एक चांगली पेनकिलर द्या."

मी नेहमीचं विचारलं, कधी पडला, डोक्याला लागलं का, उलटी झाली का, काय खाल्लं. बाबा उत्तरं देत होते आणि मध्येच बहीण म्हणाली, "काका, तो उजव्या अंगावर पडलाय. गुडघा उजवा फुटलाय, कोपर उजवं फुटलंय. मग डावा खांदा कसा दुखूलाय?"

या एका प्रश्नानं सगळं प्रकरण फिरलं. जो खांदा जमिनीला लागलाच नाही तो दुखतोय, तर दुखणं कुठनं तरी दुसरीकडनं येतंय. मी तिला विचारलं हँडल कुठं लागलं का, तर तिनं मित्रांपैकी एकाकडनं आधीच काढून घेतलं होतं की "पोटात घुसलं".

पोटातल्या माराचा खांद्याशी काय संबंध, हे इथं थोडं सांगायला पाहिजे कारण बहुतेकांना हे माहीत नसतं. डाव्या बरगड्यांच्या खाली प्लीहा असते, म्हणजे स्प्लीन, रक्तानं भरलेला मऊ अवयव. ती फाटली की रक्त पोटात साचतं आणि वर छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची नस मानेतनं निघते आणि खांद्याच्या त्वचेच्या नसाही मानेत त्याच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून मेंदूला दुखणं खांद्याचं वाटतं. आडवं झालं की रक्त पडद्याकडं सरकतं, दुखणं वाढतं. उठून बसलं की कमी. डॉक्टर लोक डाव्या खांद्याच्या या दुखण्याला केरचं लक्षण म्हणतात. खांदा हलवून बघितला तर तो चांगला असतो, त्यामुळंच लोक फसतात.

आणि पोरांच्या बरगड्या लवचिक असतात, मोठ्या माणसासारख्या मोडत नाहीत, त्या आत दबतात आणि परत वर येतात, मार मात्र आतल्या अवयवाला पोचतो. पोटाची भिंत पातळ, चरबी कमी, आणि हँडलचं टोक म्हणजे सगळा जोर एका लहानशा जागेवर. म्हणून सायकलच्या हँडलच्या मारात वरून वण बारका आणि आत प्लीहा, लिव्हर, स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा पहिला भाग दुखावलेला असं होऊ शकतं, आणि पोरगा पडताना वेग जास्त असायला पाहिजे असंही काही नाही.

मी दुकान तिथल्या कामाच्या पोरावर सोडून त्यांच्या घरी गेलो. पोरगा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. ओठ फिके. मनगटावर नाडी पूर्ण मिनिट मोजली, १२४. दहा वर्षांच्या पोराची शांत पडल्यावर नाडी साधारण ७० ते ११० च्या आत असते. ताप नव्हता, रडत नव्हता, घाबरलेलाही नव्हता, की त्यानं नाडी वाढावी. पोटावर मी हात घातला नाही, नुसता शर्ट वर करून वण बघितला. पोट दाबून-दाबून बघायचं काम डॉक्टरचं, आणि तेही शक्य तितकं कमी.

काय काय पर्याय समोर होते

खोबरेल आणि हाडवाला हा पर्याय तिथंच सोडला, आज्जीनंच गॅस बंद केला. यात नुसता वेळ जाण्याचा प्रश्न नव्हता. पोटावर किंवा बरगडीखाली चोळणं म्हणजे आत बसत आलेली रक्ताची गाठ हलवणं, त्यातनं थांबलेलं रक्त परत सुरू होऊ शकतं.

गोळी देऊन सकाळपर्यंत बघू, हा बाबांच्या मनातला पर्याय होता आणि तो चुकीच्या हेतूचा अजिबात नव्हता. पण मी गोळी दिली नाही, आणि कारण त्यांना सांगितलं. दुकानात लोक ज्याला चांगली पेनकिलर म्हणतात त्यात बहुतेक वेळा आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं, आणि ही औषधं रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या कामात अडथळा आणतात. आत रक्त येत असेल तर ते देऊ नये. पॅरासिटामॉलनं रक्तावर तसा परिणाम होत नाही, पण तपासणीच्या आधी तेही डॉक्टरनं सांगितल्यावरच दिलेलं बरं. खायला-प्यायला काही देऊ नका असंही सांगितलं, कारण ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. आई तोवर मऊ भात कालवून बसलेली, तिला ते ठेवताना वाईट वाटलं ते दिसत होतं.

मग कुठं न्यायचं हा प्रश्न आला, आणि आमच्या भागात हा प्रश्न कधीच सरळ नसतो. फोन सुरू झाले. निपाणीकडच्या एका नातेवाइकानं सांगितलं कोल्हापूरला न्या, महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केलीय, तिकडं आपलं होईल. दुसरा म्हणाला चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्या, आमच्याकडचे पुष्कळ जण जातात. दोन्ही सल्ले आपुलकीचे होते आणि ठरवून करायच्या ऑपरेशनला दोन्हींचा विचार करता आला असता. पण बेळगावपासनं कोल्हापूरच ११० किलोमीटरच्या आसपास, आणि चोर्ला घाट म्हणजे रात्रीची वळणं, मध्ये मोठं हॉस्पिटल नाही, मोबाईलला रेंज नाही. रक्त आत जात असलेल्या पोराला तिथं नेणं म्हणजे सगळा धोक्याचा वेळ गाडीत घालवायचा. हा फरक त्या रात्री बोलून दाखवायला लागला, की योजना कुठली चांगली हा विचार उद्या करू, आज जिथं लवकर पोचतो आणि जिथं सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि पोरांचा सर्जन तिन्ही आहेत तिथं जायचं. म्हणजे बेळगाव.

कार्डाचा प्रश्न आईनं काढला, बीपीएल कार्ड कपाटात होतं की चुलत्याकडं होतं ते कुणाला आठवेना. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतो, आणि इमर्जन्सीत आधी रेफरलचा कागद आणा असा हट्ट चालत नाही. कार्ड सकाळी आणून दिलं तरी चालतं, म्हणून ते शोधायचं काम चुलत्यावर सोपवलं. हो, त्याच चुलत्यावर ज्याच्या घरची सायकल होती, आणि तो एक शब्द न बोलता कामाला लागला.

कशातनं न्यायचं हेही ठरवायचं होतं. बाबांची मोटारसायकल होतीच आणि आमच्याकडं पोराला मध्ये बसवून तिघं जाणं ही रोजची गोष्ट, पण खड्ड्यातनं बसवून नेणं इथं बरोबर नव्हतं. १०८ ला फोन लावला, अ‍ॅम्ब्युलन्स होती पण ती दुसरीकडनं यायची, अर्ध्या-पाऊण तासाचा वेळ सांगितला. दुसऱ्या एका काकाची ओम्नी दारात उभी होती. ठरलं असं की ओम्नीतनं निघायचं, वाटेवर एक दवाखाना आहे जिथं रात्री डॉक्टर असतो, तिथं थांबायचं, आणि १०८ ला त्याच दवाखान्यावर बोलवायचं. पावणेआठला निघाले. मागच्या सीटवर गोधडी टाकून पोराला त्याला सोसेल तसं, पाठ थोडी उंच करून झोपवलं.

काय केलं

वाटेवरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. बहिणीनं त्याला सगळं पहिल्यापासनं सांगितलं, हँडल, डावीकडचा वण, उजवीकडं पडणं, खांदा. त्यानं बीपी बघितला, १०४/६६, म्हणजे वयाच्या मानानं नॉर्मल. नाडी आता १३०. बाबांना बीपी नॉर्मल ऐकून हायसं वाटलं आणि त्यांनी विचारलं की आजची रात्र इथंच ठेवून बघूया का. डॉक्टर सरळ नाही म्हणाला, आणि का ते सांगितलं. २८ किलोच्या पोराच्या अंगात सगळं मिळून साधारण २ लिटरच्या आसपास रक्त. त्यातलं चौथा हिस्सा गेलं तरी पोरांचा बीपी टिकून राहू शकतो, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतात आणि हृदय जोरात चालतं. बीपी खाली येतो तो फार उशिरा, आणि आला की झपाट्यानं येतो. त्यामुळं आत्ता बघायचं ते नाडीकडं, हातपाय गार पडतात का त्याकडं, पोरगं सुस्त होतंय का त्याकडं.

त्यानं हाताला सुई लावून सलाईनची वाट उघडी केली, जपून थोडंच सलाईन दिलं, ऑक्सिजन लावला, दुखण्यासाठी त्याच्या अंदाजानं इंजेक्शन दिलं आणि बेळगावच्या हॉस्पिटलात स्वतः फोन केला, की असं-असं पोरगं येतंय, हँडलचा मार आहे, प्लीहेची शंका आहे. चिठ्ठीत वेळा घातल्या, कधी पडला, कधी काय खाल्लं, कुठल्या वेळी नाडी किती. अर्ध्या पानाची चिठ्ठी, पण बेळगावात दारातच ती कामाला आली. १०८ आली आणि त्यातनं पुढं गेले.

बेळगावात सव्वादहाच्या सुमारास पोचले. सोनोग्राफीत प्लीहेभोवती आणि खाली ओटीपोटात द्रव दिसला. नाडी सलाईननंतर ११० वर आलेली, बीपी टिकून, म्हणून सीटी करता आला. प्लीहेला तिसऱ्या ग्रेडची फाट. या ग्रेड १ ते ५ असतात. स्वादुपिंड, लिव्हर, किडनी ठीक दिसले, लघवीत रक्त नव्हतं. हिमोग्लोबिन १०.८. यावर सर्जन म्हणाले की सुरुवातीच्या आकड्यावर जाऊ नका, रक्त गेल्यावर हिमोग्लोबिन खाली दिसायला काही तास लागतात.

पुढचा निर्णय, ऑपरेशन करायचं की नाही

हा प्रकरणातला दुसरा मोठा टप्पा आणि इथं घरच्यांची मनं सगळ्यात जास्त हलली. बाबांचं म्हणणं, फाटलंय तर शिवा, नाहीतर काढा, पण वाट कशाची बघायची. एवढ्या लांबनं पळत आलो आणि आता नुसतं झोपवून ठेवतायत असं त्यांना वाटलं, आणि वाटणं साहजिक होतं. हॉस्पिटलातल्या बऱ्याच गोष्टी कन्नडमधनं चाललेल्या, बाबांना कामापुरतं कन्नड येतं, आईला फारसं नाही. तिथली एक सिस्टर बेळगावातल्याच वडगावची होती, ती येऊन मराठीत सगळं परत सांगून गेली, आणि सर्जननंही वेळ दिला.

सर्जननं जे सांगितलं ते असं. पोराची तब्येत स्थिर असेल तर प्लीहेच्या अशा मारात दहातली नऊपेक्षा जास्त पोरं ऑपरेशनशिवाय बरी होतात. पोरांच्या प्लीहेचं आवरण मोठ्यांपेक्षा चिवट असतं, रक्त स्वतः थांबतं आणि फाट भरून येते. प्लीहा काढली तर तो धोका तिथंच संपत नाही, कारण काही जंतूंशी लढायचं काम प्लीहा करते, ती नसली की न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग अचानक आणि जीवघेणा होऊ शकतो, मग न्यूमोनिया, मेनिंगायटिसच्या वेगळ्या लशी, तापाला कायम जपणं, हे सगळं आयुष्यभर. म्हणून शक्य असेल तर ठेवायची. पण ठेवायची म्हणजे लक्ष न देणं असं नाही. आयसीयूत मॉनिटरवर, दर काही तासांनी हिमोग्लोबिन, रक्तगट जुळवून रक्त तयार, ऑपरेशन थिएटरला सांगून ठेवलेलं. नाडी चढत गेली, बीपी पडला किंवा रक्त दिल्यावरही हिमोग्लोबिन घसरत राहिलं तर मध्यरात्रीसुद्धा आत घेणार.

बाबांनी सही केली. काका आणि उद्यमबागचे दोन सहकारी रात्रीच रक्तपेढीत रक्त देऊन आले.

पहाटे हिमोग्लोबिन ८.९. आईला वाटलं आता नेतात आत. पण नाडी १०० च्या खाली आलेली, पोट फुगलेलं नाही, पोरगा पाणी मागत होता. सर्जन म्हणाले थांबू. दुपारी ९.१. संध्याकाळी ९.०. आकडा थांबला तसा सगळ्यांचा जीव खाली आला. ऑपरेशन लागलं नाही, रक्तही द्यावं लागलं नाही. स्वादुपिंडाच्या मारात रक्ततपासणी पहिल्या दिवशी चांगली येऊन नंतर बिघडू शकते, म्हणून ती दुसऱ्या दिवशी परत केली, तीही चांगली आली.

अ‍ॅक्सिडेंट म्हटल्यावर हॉस्पिटलनं पोलिसांना कळवायचा कागद केला आणि आई त्यानं घाबरली, पोरावर किंवा चुलत्यावर केस होणार असं तिला वाटलं. तसं काही नसतं, तो हॉस्पिटलचा नियम आहे. पोलीस येऊन दोन प्रश्न विचारून गेले.

पुढं काय झालं

पाचव्या दिवशी घरी सोडलं. आराम किती यासाठी एक जुना आणि सोपा हिशोब आहे, माराच्या ग्रेडमध्ये दोन मिळवायचे तेवढे आठवडे. तिसरी ग्रेड, म्हणजे ५ आठवडे पळणं, सायकल, झाडावर चढणं, कबड्डी काही नाही. घरात चालणं-फिरणं, शाळेत बसणं चालेल. हे पाळणं हॉस्पिटलपेक्षा अवघड गेलं, हे आईचं वाक्य. आठ दिवसांत पोराला कुठंच दुखेना, मग त्याला घरात कसं ठेवायचं. आणि धोका तर तेव्हाच असतो, कारण भरत आलेली प्लीहा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कधीकधी परत फुटते. बहिणीनं कॅलेंडरवर तारखा लिहिल्या, शाळेत बाबांनी सरांना चिठ्ठी दिली की पीटी नको, आणि मित्रांनी किल्ला पडवीतच उचलून आणल्यासारखा नव्यानं केला, बसून करण्यासारखा.

घरी पाठवताना कागदावर कधी परत यायचं ते लिहून दिलं होतं. पोट किंवा डावा खांदा परत दुखला, चक्कर आली, फिका पडला, उलट्या, ताप, काळी शी. हा कागद इंग्रजीत होता. बहिणीनं तो मराठीत लिहून फ्रीजवर लावला. आईला वाचता आला पाहिजे म्हणून.

५ आठवड्यांनी परत दाखवलं, सर्जननी खेळायला हरकत नाही म्हटलं.

वेगळं काय करता आलं असतं

चार ते सात, हे तीन तास. पोरांनी लगेच सांगितलं असतं तर ते वाचले असते, पण पोरांना दोष देऊन काही हाती लागत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की पडलेल्या पोराला आपण सगळे "कुठं दुखतंय" हे पहिलं विचारतो. तो जिथं दुखतं ते दाखवतो आणि आपण तिथंच बघत बसतो. त्याऐवजी कसा पडला, कशावर पडला, अंगाला काय लागलं, हँडल कुठं होतं, हे विचारायला पाहिजे, आणि त्यालाच नाही तर बरोबरच्या पोरांनाही, आणि रागवणार नाही असं आधी सांगून. बहिणीनं नेमकं हेच केलं होतं. हँडल पोटात लागलंय एवढं कळलं तरी, वण कितीही बारका असू दे, त्याच दिवशी डॉक्टरनं बघायला पाहिजे. दुखणं नसलं तरी. स्वादुपिंड आणि आतड्याचा मार तर एक-दोन दिवसांनीसुद्धा डोकं वर काढतो.

चहा दिला गेला, ते आईला फार लागून राहिलंय. अर्धा कप चहानं इथं काही बिघडलं नाही, ते मी तिला परत-परत सांगितलं. मऊ भात दिला नाही हे महत्त्वाचं.

सायकलबद्दल. मूठ गेलेलं हँडल घेऊन गावात किती सायकली फिरतात ते बघा, माझ्या दुकानासमोरनं रोज जातात. नवी रबरी मूठ सायकलच्या दुकानात फार थोड्या पैशात मिळते. मूठ असली की मार लागणारच नाही असं नाही, पण उघड्या पाईपची धार तरी जाते. चुलत्यानं त्या सायकलला दोन्ही मुठी बसवल्यात. आणि ओझं हँडलला नको, कॅरियरला बांधून.

एक गोष्ट मात्र अजून बाबा आणि मी यांच्यात पटलेली नाही. बाबांना वाटतं वाटेवरच्या दवाखान्यात थांबण्यात अर्धा तास गेला, सरळ बेळगाव गाठायला पाहिजे होतं, तिथं नाहीतरी सोनोग्राफी, सर्जन काहीच नव्हतं. मला तसं वाटत नाही. त्या अर्ध्या तासात पोराच्या हाताला सुई लागली, पुढचा रस्ता अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन आणि माणसासकट झाला, आणि बेळगावला आधी फोन गेला म्हणून दारात उभं राहावं लागलं नाही. रस्त्यात नाडी चढत गेली असती तर ओम्नीत कुणाच्याच हातात काही नव्हतं. पण जर तो दवाखाना त्या रात्री बंद असता, किंवा तिथला डॉक्टर "सकाळी बघू" म्हणणारा निघाला असता, तर बाबांचं खरं ठरलं असतं, हेही मान्य करायला पाहिजे. म्हणून आता आमच्या दुकानात भिंतीवर एक कागद लावलाय, रात्री आसपास कुठल्या ठिकाणी डॉक्टर असतो, त्याचा फोन, आणि निघायच्या आधी फोन करून विचारा म्हणून. दर महिन्याला मी ते नंबर लावून बघतो, कारण ते बदलतात.